लेकरं सांभाळून मंडळीत गाणाऱ्या आईसाठी: पट्टी, रियाज आणि रविवार

मागच्या बाकावरच्या आजीचंही तोंड गाण्यासाठी उघडावं, हे मंडळीत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, गीत उचलणाऱ्या बाईचं खरं काम. ते साधतं की नाही हे सर्वांत आधी पट्टीवर, म्हणजे सा पेटीच्या कितव्या काळ्या किंवा पांढऱ्या कळीवर धरला त्यावर, ठरतं.

एकट्याने गाताना बायका साधारण काळी चार किंवा काळी पाचला सा धरतात, पुरुष काळी एक ते काळी दोनला. उपासनेत दोघांना एकत्र गायचं असतं. तुमच्या काळी चारला पुरुष खाली उतरले तर खर्जात त्यांचा आवाज विरतो, तुमच्या सुरात आले तर वरच्या ओळीला गळा ताणतो. त्यामुळे आपल्या सोयीची पट्टी बाजूला ठेवा आणि गीताची चाल तपासा. पेटीवर ती वाजवून सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर वहीत लिहा. चाल मध्य (मधल्या सप्तकातला) सा ते तार (वरच्या सप्तकातला) सा एवढ्यातच फिरत असेल तर सा पांढरी एक किंवा काळी एकला ठेवा. मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापासून, म्हणजे ‘प’पासून, मध्य पंचमापर्यंत जात असेल तर पांढरी चार बरी. तार गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या ‘ग’पर्यंत, चढत असेल तर सा पांढरी सहापर्यंत खाली आणा; खालच्या ओळी पुरुषांना जड जातील, तिथे बायकांनी ओळ धरायची. बायकांच्या आवाजात तार सप्तकातल्या पांढरी दोनच्या वर चाल गेली की निम्मी मंडळी गप्प होते, हे लक्षात ठेवा.

कीबोर्ड वाजवणाऱ्या मुलाला पट्टी त्याच्या भाषेत सांगा: पांढरी एक म्हणजे सी, पांढरी चार म्हणजे एफ, पांढरी सहा म्हणजे ए. ट्रान्सपोजचं, म्हणजे पट्टी वरखाली सरकवणारं, बटण वापरलं असेल तर गीत संपताच ते शून्यावर आणायला लावा. नाहीतर पुढचं गीत भलत्याच पट्टीत सुरू होतं आणि पहिलं कडवं वाया जातं.

ठेक्याचंही तसंच. परदेशी चालीवरची बरीच जुनी गीतं तीनच्या लयीत आहेत. ती दादऱ्यात, म्हणजे सहा मात्रांत बसतात. ढोलकीवाल्याला केरवा सोपा म्हणून आठ मात्रांत ढकलली की शब्दांचे आघात चुकीच्या जागी पडतात आणि लोक अडखळतात. चारच्या लयीतली गीतं केरव्यात खुशाल घ्या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) प्रभूची भक्ती अभंगात बांधली, हा मराठी मंडळीचा फार मोठा ठेवा आहे, आणि तो टाळाशिवाय खुलत नाही. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा असतो. श्वास दुसऱ्या चरणानंतर घ्या. चौथा चरण आखूड असल्याने लय नेमकी तिथेच पळते. भजनी ठेक्याच्या आठही मात्रा भरल्यावरच पुढची ओळ उचला.

शास्त्रपाठ (बायबलमधले वाचायचे भाग) कोणते आहेत हे पाळकसाहेबांना गुरुवारपर्यंत विचारून घ्या आणि गीतं त्यावरून निवडा. सुरुवातीचं गीत सगळ्यांच्या तोंडी असलेलं हवं. नवं गीत एका उपासनेला एकच, आणि तेच सलग तीन रविवार घ्या. दर आठवड्याला नवीन गीत आणलं की मंडळी नुसती ऐकत बसते.

रियाजाला आईला तासभर मिळत नाही, पण वीस मिनिटं पुरतात. लेकरं उठायच्या आधी पाच मिनिटं ओठ मिटून गुणगुणा, मग पाच मिनिटं ‘आ’कारात मंद्र सप्तकातले सूर लांबवा. पाच मिनिटं सारेग, रेगम असे अलंकार, आधी संथ आणि मग दुप्पट लयीत. उरलेल्या वेळात येत्या रविवारच्या गीताची फक्त अवघड ओळ घ्या. उठल्याउठल्या तार सप्तकाला हात घालू नका. लेकरू झोपलंय म्हणून कुजबुजत गाणं तर अजिबात नको, त्याने स्वरतंतू जास्त शिणतात. गुणगुणणं सुरक्षित असतं.

गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत श्वास आखूड होतो, कारण वाढलेलं गर्भाशय श्वासपटलाला (छाती आणि पोटामधल्या पडद्याला) खाली सरकू देत नाही. अशा वेळी लांब ओळ दोन श्वासांत तोडा आणि खुर्चीच्या कडेला ताठ बसून गा. बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू सैल असतात, त्यामुळे सूर खाली घसरतो. सिझेरियन झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोर लावून गाऊ नका; तोवर गुणगुणणं चालतं. अंगावर पाजणाऱ्या आईला तहान जास्त लागते, म्हणून पाजायला बसताना पाण्याचा तांब्या जवळ ठेवा. उपासनेला निघण्याआधी बाळाला पाजून घ्या आणि गाताना कडेवर घेऊ नका: एका बाजूच्या बरगड्या दबतात आणि श्वास पुरत नाही. बाळ आजीकडे किंवा मावशीकडे द्या, तुम्ही दिसाल अशा बाकावर.

घरच्या प्रार्थनेत लेकरं एकसुरी गातात म्हणून त्यांना गळा नाही असं ठरवू नका. बहुतेकदा आईची काळी चारची पट्टी त्यांना फार खाली पडते. सा काळी एक किंवा पांढरी दोनपर्यंत वर घ्या, आठवड्याला एकच कडवं पाठ करून घ्या, आणि पेटी न वाजवता एक ओळ तुम्ही, एक ओळ त्यांनी.

आवाज बसण्याची कारणं बहुतेक वेळा घरातच सापडतात. अंगणातून लेकरांना मारलेल्या हाका, ठेच्याच्या मिरच्या भाजतानाचा ठसका, चुलीचा धूर. हाक मारण्याऐवजी टाळी वाजवा किंवा जवळ जाऊन बोला. मिरच्या शनिवारी नकोच. आपल्याकडे मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि हवा कोरडी असते. रविवारी स्टेजवर चढताना घोटभर पाणी पिऊन स्वरतंतू ओले होत नाहीत, कारण ते पाणी रक्तातून पोचायला वेळ लागतो. शनिवार सकाळपासूनच थोडं थोडं पीत राहा. रात्री साध्या पाण्याची वाफ पाच ते दहा मिनिटं घ्या, त्यात बाम टाकू नका. कूलरचा झोत थेट तोंडावर नको.

माईक ओठांपासून चार बोटं लांब धरा. मोठ्या सुराला थोडा दूर न्या, जाळीवर मूठ आवळू नका. मूठ आवळली की शिट्टी वाजते. स्पीकर तुमच्या पुढे असू द्या, पाठीमागे नको. पत्र्याच्या छपराखाली आवाज घुमतो, तिथे इको बंदच ठेवा. वीज कधीही जाते, तेव्हा ट्रॅकवर (आधी रेकॉर्ड केलेल्या संगीतावर) अवलंबून असलेलं गीत दोनदा तरी नुसत्या टाळावर म्हणून बघा.

उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) उपासना लांब चालते आणि पुनरुत्थानाच्या रविवारी (ईस्टरला) पहाटेच उठावं लागतं. मधला शनिवार आवाजाला सुट्टी द्या. नाताळच्या कॅरोल फेऱ्यांत थंडीत चालत चालत गाऊ नका. दारात पोचून दोन श्वास घ्या, मग गीत उचला. गळ्याला मफलर असू द्या.

घोगरेपणा तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, गाताना दुखायला लागलं किंवा वरचे सूर एकाएकी गेले, तर काढ्यावर भागवू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. छत्रपती संभाजीनगरला घाटी या सरकारी रुग्णालयात, तसंच अंबाजोगाई आणि नांदेडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत हा विभाग आहे. स्वरतंतूंवर गाठी आल्या असतील तरी लवकर कळलं तर विश्रांतीने आणि आवाजाच्या उपचाराने बऱ्याच जणींना आराम पडतो. तोवर गीत दुसरीने उचलायचं. त्यासाठी महिला मंडळातल्या एखादीला आधीपासून सोबत घ्या आणि तुमच्या वहीची नक्कल, पट्टी आणि ठेक्यासह, तिच्याकडे देऊन ठेवा.