पेपर टाकलेत? मग आता किती राबायचं

पेपर टाकले, म्हणजे राजीनामा दिला, की दोन दिवसांत मन खराडीच्या नव्या ऑफिसात जाऊन बसतं, आपण मात्र नोटीस पीरियडचे अजून नव्वद दिवस हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये. तर या दिवसांत किती काम करायचं? माझं सरळ मत, केटीत (आपलं काम दुसऱ्याला समजावून सोपवणं) जीव ओता, नवीन कामाला हात लावू नका, बाकी जेवढ्यास तेवढं.

केटी म्हणजे चार मीटिंगा लावून स्क्रीन शेअर करणं नव्हे हां, समोरचा म्यूटवर दुसरंच काम करत असतो हे आपल्यालाही माहितीये. जे फक्त तुमच्या डोक्यात आहे ते लिहून काढा. महिनाअखेरचा जॉब (आपोआप चालणारा प्रोग्राम) अडकला की लॉग कुठे बघायचा, कुठल्या एररला नुसतं रिस्टार्ट चालतं आणि कुठल्याला आधी डेटाबेसवाल्यांना फोन लावावा लागतो, क्लायंटकडचा कोण मेलला ढिम्म पण चॅटवर लगेच बोलतो, असलं सगळं. मग पुढच्या वेळी जॉब अडकला की गप्प बसून बघा, नव्या पोराला ते वाचून करू दे, तो जिथे अडेल तिथे तुमचं लिहिणं कच्चं राहिलंय. आणि केटी झाल्याचा मेल मॅनेजरला टाकाच, तोंडी "हो हो झालं" काही कामाचं नाही.

"जायच्या आधी एवढं मॉड्यूल करून जा ना" असं येतंच. भांडू नका, म्हणायचं करतो पण अर्धवट राहील, आत्तापासूनच कोणीतरी सोबत द्या. बहुतेकदा विषय तिथेच संपतो. रात्री प्रॉडक्शन (क्लायंटची चालू सिस्टीम) पेटलं तर मात्र उठा, कंपनीसाठी नाही, टीममधल्या पोरांसाठी. पुण्यात आयटीवाले फिरून फिरून तेच भेटतात.

उरलेला वेळ स्वतःच्या कागदांना. पेस्लिपा, फॉर्म १६ पर्सनल मेलवर घ्या (कोड नाही हं, क्लायंटचा डेटा तर अजिबात नाही), यूएएनला (पीएफचा कायमचा नंबर) स्वतःचा चालू मोबाइल नंबर जोडलाय का बघा. पीएफमध्ये कंपनीने एक्झिट डेट टाकली नाही तर शेवटच्या हप्त्यानंतर २ महिन्यांनी आपली आपल्याला टाकता येते. एक्झिट इंटरव्ह्यूत सगळं ओकून टाकायची सुरसुरी येते, ती आवरा. लॅपटॉप जमा केल्याची पोच घ्या, चार्जरसकट लिहून, नाहीतर फुल अँड फायनलमधून (शेवटच्या हिशोबातून) त्याचेही पैसे कापतात.