मासिकाची सवलतीची वर्गणी आणि आपोआप होणारे नूतनीकरण : तक्रार कुठे आणि कशी करावी

मुलुंडला आमच्या सोसायटीत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने पासबुक भरून आणले, तेव्हा त्यात ₹१,४९९ वजा झाल्याची नोंद निघाली आणि पुढे ज्या कंपनीचे नाव छापले होते ते बाईंनी कधी ऐकलेही नव्हते. सायबर चोरी झाली असे समजून त्या पोलीस ठाण्यात निघाल्या होत्या. मागे जाऊन पाहता उलगडा झाला तो असा : बरोबर एक वर्षापूर्वी मॉलमधल्या एका टेबलावर त्यांनी एका इंग्रजी साप्ताहिकाची वर्गणी भरली होती, पहिल्या वर्षाला फक्त ₹४९९ आणि सोबत ट्रॉली बॅग मोफत. टेबलावरच्या मुलाने ‘मावशी, इथे पिन टाका’ असे म्हणून त्यांच्याच फोनवर यूपीआयचा पिन टाकून घेतला होता. वर्षभरात ५२ पैकी ३१ अंक आले, बॅग आली नाही, आणि वर्ष संपताच तिप्पट दराने नवे वर्ष आपोआप सुरू झाले.

अशा प्रकरणात माणूस पहिली चूक करतो ती ही की, सगळा राग एकाच तक्रारीत ओततो. प्रत्यक्षात येथे दोन स्वतंत्र तक्रारी असतात. अंक न मिळणे आणि भेटवस्तू न देणे ही विक्रेत्याविरुद्धची तक्रार आहे, तर खात्यातून पुढेही पैसे जाऊ शकतात ही बाब बँकेकडून थांबवून घ्यायची आहे. दुसरी गोष्ट आधी करावी, कारण तिला विक्रेत्याची परवानगी लागत नाही. कस्टमर केअरचा मनुष्य ‘रद्द करायचे असेल तर मुदतीच्या तीस दिवस आधी ई-मेल करायला हवा होता’ असे कितीही ठामपणे सांगत असला, तरी ती अट त्याच्या आणि तुमच्या करारातली आहे. तुमच्या खात्यावर दिलेला मँडेट, म्हणजे ठरावीक काळाने पैसे आपोआप कापून घेण्याची परवानगी, मागे घेण्याचा अधिकार तुमचाच राहतो.

हा मँडेट काय असतो ते नीट समजून घेतले, तर पुढची बरीच धावपळ वाचते. कार्डावरून ठरावीक काळाने आपोआप होणाऱ्या वसुलीसाठी रिझर्व्ह बँकेने २१ ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकाने चौकट घालून दिली, पुढे ती यूपीआयलाही लागू केली, आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून या चौकटीत न बसणारी वसुली बंद झाली. नोंदणीच्या वेळी ओटीपी किंवा पिन घेणे बंधनकारक आहे. मात्र त्यानंतरच्या वसुलीला ₹१५,००० पर्यंत पुन्हा ओटीपी लागत नाही (ही मर्यादा जून २०२२ मध्ये ₹५,००० वरून वाढवली गेली). मासिकाची वर्गणी या रकमेच्या पुष्कळ खाली असते, म्हणून नूतनीकरण आवाज न करता होऊन जाते. त्याच्या बदल्यात ग्राहकाला एक संरक्षण दिलेले आहे : वसुलीच्या किमान २४ तास आधी बँकेने संदेश पाठवून विक्रेत्याचे नाव, रक्कम आणि तारीख कळवली पाहिजे, आणि ती वसुली किंवा संपूर्ण मँडेट नाकारण्याची सोय दिली पाहिजे. बाईंनाही असा एसएमएस आला होता. कर्जाच्या आणि साड्यांच्या सेलच्या चाळीस संदेशांखाली तो न वाचता पडून राहिला होता.

पैसे यूपीआयने जात असतील, तर ज्या ॲपवर पिन टाकला त्याच ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ हा विभाग उघडावा. तेथे प्रत्येक मँडेटसमोर विक्रेत्याचे नाव, कमाल रक्कम, वसुलीचा कालावधी आणि अंतिम तारीख दिसते. बाईंच्या मँडेटवर कमाल रक्कम ₹१५,००० होती आणि मुदत पुढच्या तब्बल दहा वर्षांची. ₹४९९ च्या वर्गणीला एवढा मोठा परवाना कशासाठी, हे टेबलावरच्या त्या मुलालाही सांगता आले नसते. रद्द करण्याआधी या पडद्याचा स्क्रीनशॉट अवश्य घ्यावा, कारण काही ॲपमध्ये रद्द झालेला मँडेट नंतर शोधत बसावा लागतो. कार्डावरचा मँडेट बँकेच्या नेट बँकिंगमधून किंवा कार्ड विभागातून मागे घेता येतो. खात्यावर नॅचचा (बँक खात्यातून थेट ठरावीक वसुली करणाऱ्या व्यवस्थेचा) कागदी फॉर्म भरून दिला असेल, तर शाखेत लेखी अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व सही घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये. डिजिटल अंकाची वर्गणी मोबाइलच्या ॲप स्टोअरमार्फत घेतली असेल, तर ती स्टोअरच्या ‘सबस्क्रिप्शन्स’ या भागातच रद्द होते. मासिकाचे ॲप फोनवरून काढून टाकले म्हणजे वर्गणी थांबली, असा समज मी अनेक जाणत्या माणसांमध्येही पाहिला आहे. तो खरा नाही.

मँडेट रद्द झाल्याने पैसे जाणे थांबते, करार मात्र आपोआप संपत नाही. ‘वर्गणी थकली आहे’ अशी स्मरणपत्रे येत राहू नयेत म्हणून विक्रेत्यालाही लेखी कळवणे भाग आहे. येथे प्रश्न उभा राहतो : विक्रेता नेमका कोण? सवलतीच्या वर्गण्या पुष्कळदा प्रकाशक स्वतः विकत नाही. टेबल एका एजन्सीचे, पावती दुसऱ्या फर्मची आणि पासबुकात नाव तिसऱ्याच पेमेंट कंपनीचे, असा प्रकार असतो, आणि तक्रार केली की प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. यावर साधा उपाय अंकातच छापलेला असतो. प्रत्येक नियतकालिकावर मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे व पत्ता असलेली बारीक अक्षरांतली ओळ असते; ती कायद्याने छापावीच लागते. बहुधा शेवटच्या किंवा अनुक्रमणिकेच्या पानावर ती सापडते. पावतीवरची फर्म आणि हा प्रकाशक, दोघांनाही पत्र पाठवावे आणि पुढे ग्राहक आयोगात जावे लागले तर दोघांनाही सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करावे. आपसात जबाबदारी कोणाची हे त्यांचे त्यांनी ठरवावे.

पत्रात त्रागा नको आणि आठवणींचा पाल्हाळही नको. बाईंसाठी मी जे पत्र लिहिले त्याचा मुख्य भाग असा होता :

“मी दिनांक … रोजी पावती क्रमांक … अन्वये आपल्या साप्ताहिकाची एक वर्षाची वर्गणी ₹४९९ भरली. या कालावधीतील ५२ अंकांपैकी २१ अंक मला मिळाले नाहीत. न मिळालेल्या अंकांच्या तारखा सोबत जोडल्या आहेत. जाहीर केलेली ट्रॉली बॅग आजतागायत मिळालेली नाही. दिनांक … रोजी माझ्या खात्यातून ₹१,४९९ नूतनीकरणापोटी वसूल करण्यात आले. अशा नूतनीकरणाला मी संमती दिल्याचा पुरावा आपल्याकडे असल्यास त्याची प्रत पाठवावी. मी ही वर्गणी रद्द करीत असून ₹१,४९९ तसेच न मिळालेल्या २१ अंकांचे, प्रति अंक ₹९.६० या हिशेबाने, ₹२०१.६० हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत परत करावेत.”

या पत्रातील दोन गोष्टी मुद्दाम केलेल्या आहेत. न मिळालेल्या अंकांच्या तारखा दिल्या, कारण ‘बरेच अंक आले नाहीत’ या वाक्याला ‘आम्ही सगळे पोस्टात टाकले’ एवढे उत्तर पुरते. तारखांची यादी आली की त्यांना पोस्टिंगची नोंद काढावी लागते. (यादी करण्यापूर्वी सोसायटीच्या वॉचमनच्या टेबलाचा खण एकदा पाहावा. आमच्याकडे त्यातून दोन अंक निघाले, म्हणून आकडा २३ वरून २१ वर आला.) दुसरे म्हणजे संमतीचा पुरावा मागितला. पत्र ई-मेलने तर पाठवावेच, शिवाय स्पीड पोस्टानेही पाठवून पावती आणि पोचल्याची ऑनलाइन नोंद जपून ठेवावी. फोनवर जे बोलणे होईल त्याची तारीख, वेळ आणि तक्रार क्रमांक त्याच दिवशी वहीत लिहावा.

कायद्याचा आधार कोणता घ्यावा, हे वर्गणी कुठे घेतली यावर अवलंबून आहे. संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून घेतली असेल, तर ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० उपयोगी पडतात : आधीच बरोबरची खूण केलेला चौकोन ही ग्राहकाची संमती मानता येत नाही, आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देऊन महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विषयी, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांविषयी, मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांत फसवणुकीचे १३ प्रकार सांगितले असून वर्गणीचा सापळा हा त्यांपैकीच एक आहे. रद्द करण्याचा पर्याय लपवणे, रद्द करण्याची वाट मुद्दाम किचकट ठेवणे, मोफत चाचणीसाठी आधी पैसे कापण्याची परवानगी घ्यायला लावणे, हे सारे त्यात येते. मॉलमधल्या टेबलावर झालेल्या व्यवहारात मात्र मूळ ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ यावरच भर द्यावा. द्यायच्या नाहीत अशा इराद्याने भेटवस्तू जाहीर करणे ही त्या अधिनियमाच्या व्याख्येनुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. फुकटच्या बॅगेसाठी भांडायला पुष्कळांना संकोच वाटतो. माझ्या मते तो अनाठायी आहे, कारण बॅगेची किंमत वर्गणीतच धरलेली असते आणि तिच्याकडे पाहूनच वर्गणी भरली जाते.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ या क्रमांकावर फोन करावा. तेथे मराठीत बोलता येते आणि तक्रार ऑनलाइनही नोंदवता येते. हेल्पलाइन आदेश देत नाही, ती कंपनीकडे तक्रार पोचवून पाठपुरावा करते. तरीही माझ्या अनुभवात लहान रकमांचे बरेच वाद येथेच मिटतात, कारण ज्या कंपनीची ग्राहकांचे ई-मेल उघडण्याची तयारी नसते तिला हेल्पलाइनकडून आलेल्या तक्रारीचे उत्तर द्यावेसे वाटते. बाईंचे ₹१,४९९ एकोणिसाव्या दिवशी खात्यात परत आले. न मिळालेल्या अंकांच्या पैशांऐवजी जुन्या अंकांचा एक गठ्ठा कुरिअरने आला. बॅग आलीच नाही, आणि बाईंनी तो नाद सोडला.

बँकेविरुद्धची तक्रार वेगळी चालवावी. वसुलीपूर्वीचा संदेश पाठवलाच गेला नाही, किंवा मँडेट रद्द केल्यानंतरही पैसे गेले, असे घडले असेल तर त्याच दिवशी बँकेला कळवावे. अनधिकृत व्यवहारांबाबत रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत बँकेला कळवण्याला फार महत्त्व आहे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. अंक आले नाहीत किंवा बॅग दिली नाही, हा विषय लोकपालाकडे नेऊ नये. तो त्यांच्या कक्षेतला नाही.

उरलेला मार्ग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. जेथे आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येत असल्यामुळे प्रकाशक दिल्लीचा असला तरी मुंबईकराला दिल्लीला जावे लागत नाही. शहर भागातील तक्रारींसाठी परळला, तर उपनगरांसाठी वांद्रे पूर्वेला जावे. ऑनलाइन दाखल करायची असल्यास ई-जागृती हे पोर्टल आहे. मोबदला (म्हणजे आपण विक्रेत्याला भरलेली रक्कम) ₹५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल व्हायला हवी. मसुद्यात एक काळजी घ्यावी : ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ हेच शब्द वापरावेत. ‘अनुचित करार’ हा शब्द जोरकस वाटतो, पण करारच अनुचित असल्याच्या तक्रारी ऐकण्याचे काम अधिनियमाने राज्य आयोगाकडे दिलेले आहे, आणि त्या एका शब्दावरून आपले प्रकरण भलत्याच दाराशी अडकायचे. मसुदा कोणाला तरी दाखवून घ्यावासा वाटला, तर १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते अशा तक्रारींना मार्गदर्शन करतात.

वर्गणी रद्द केल्यानंतरही काही आठवडे अंक येत राहतात. अशा पहिल्या अंकाचे वेष्टन फाडून फेकू नये. पत्त्याच्या पट्टीवर बहुधा वर्गणीदार क्रमांक आणि वर्गणी संपण्याचा महिना छापलेला असतो, आणि तो महिना पुढच्या वर्षाचा असेल तर नूतनीकरण अद्याप मागे घेतलेले नाही हे त्यावरून कळते. त्या पट्टीचा फोटो काढून ठेवावा, आणि त्यानंतरचे अंक ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून पोस्टमनच्याच हाती परत द्यावेत.