वासाला घाबरता, सुईला नाही: पीएम रूममधल्या या चुका टाळा

कुजलेली बॉडी आली की पीएम रूममध्ये, म्हणजे पोस्टमॉर्टेमच्या खोलीत, सगळे सावध होतात. नाकाला दुहेरी रुमाल, त्यावर कापूर किंवा अत्तर, खिडक्या सताड उघड्या. काल रात्री वॉर्डात वारलेला, झोपल्यासारखा दिसणारा माणूस टेबलावर असला की मात्र मास्क हनुवटीवर येतो. खरं तर काळजी उलटी घ्यायला हवी. मृतदेह कुजवणारे जंतू माणसाला सहसा आजारी पाडत नाहीत. टीबी, हिपॅटायटिस बी (यकृताला सूज आणणारी कावीळ), एचआयव्ही यांचे जंतू ताज्या मृतदेहात जास्त जिवंत असतात. एचआयव्ही तर कोल्ड स्टोरेजमधल्या देहातही पंधरवडाभर टिकलेला आढळला आहे.

अत्तराचा रुमाल वास झाकतो, टीबीचा जंतू अडवत नाही. साध्या सर्जिकल मास्कच्या कडेनेही हवा आत शिरते. एन-९५ हवा, तोही नाकावरची पट्टी दाबून बसवलेला. दाढी वाढलेली असेल तर तोही नीट बसत नाही. सगळ्यात जपायचं ते कवटी उघडताना. इलेक्ट्रिक करवतीने उडणारा बारीक भुगा आणि तुषार करवत थांबल्यावरही हवेत तरंगत राहतात. हातकरवतीला वेळ लागतो, पण तुषार कमी उडतात. हाड ओलं करून घ्या, डोळ्यांवर गॉगल ठेवा, डोक्यावरचा पंखा बंद आणि एक्झॉस्ट चालू. आणि सुरी हातात घेण्याआधी केसपेपर विचारा. टीबीची नोंद कागदावर असते, डॉक्टरने वाचलेलीही असते, पण टेबलाशी उभ्या असलेल्या कामगाराला ती सांगायचं कुणाच्या लक्षातच येत नाही.

सगळ्यात महाग पडते ती मात्र शेवटची शिलाई. नातेवाईक बाहेर ताटकळलेले, हवालदार दोनदा डोकावून गेलेला, आपली चहाची वेळ टळलेली. मोठी वाकडी सुई, जाड दोरा, आणि कातडी डाव्या हाताच्या बोटांनी वर उचलून धरलेली. सुई नेमकी त्याच बोटात घुसते. कातडी चिमट्याने धरा. कापलेल्या बरगड्यांची टोकंही सुरीसारखीच असतात, त्यांच्यावर ओला टॉवेल टाका. एका वेळी एकाच माणसाने कापायचं, आणि सुरी हातात द्यायची नाही, ट्रेमध्ये ठेवायची. १८४७ साली व्हिएन्नात न्यायवैद्यकाचे प्राध्यापक याकोब कोलेच्का यांच्या बोटाला शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याची सुरी लागली, आणि त्यातूनच ते गेले. त्यांची लक्षणं बाळंतज्वराच्या बायकांसारखीच आहेत हे त्यांचे मित्र सेमेलवाइस यांनी ओळखलं आणि क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली.

मलाही शिकत असताना सुई टोचली होती. मी बोट पिळलं, स्पिरिट ओतलं आणि कुणालाच सांगितलं नाही. तिन्ही चुकाच, त्यातली तिसरी सगळ्यात वाईट. बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, ब्लीच लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं. डोळ्यात उडालं तर नुसत्या पाण्याने बराच वेळ धुवायचं. मग लगेच कॅज्युअल्टी आणि रजिस्टरमध्ये नोंद. एचआयव्ही रोखणारी औषधं शक्यतो २ तासांत सुरू व्हावीत. ७२ तासांनंतर ती देत नाहीत. कोर्स २८ दिवसांचा असतो. मृताला एचआयव्ही असेल तर अशा टोचण्यातून तो होण्याची शक्यता हजारात ३च्या आसपास असते. मृताला हिपॅटायटिस बी असेल तर लस न घेतलेल्याला तो होण्याची शक्यता मात्र शंभरात ६ ते ३०. तरी सगळे विचारतात ते एचआयव्हीचंच.

म्हणून हिपॅटायटिस बीची लस. शून्य, १ आणि ६ महिने असे ३ डोस, आणि तिसरा हमखास राहून जातो. त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी रक्तातली अँटीबॉडीची पातळी तपासून घ्या, ती किमान १० (mIU/ml) हवी. कंत्राटी असाल तर लस मागून घ्या, कुणी आणून देणार नाही.

हातमोज्यांचे दोन जोड घाला. मध्ये जाळीचा मोजा असेल तर उत्तम, पण तो सुरी अडवतो, सुई नाही. मोबाइल मोज्याच्या हाताने उचलू नका, हे सगळ्यांना माहीत असतं. तंबाखूचं वेगळं आहे. मळायला मोजा काढायचा, चिमूट दाढेखाली ठेवायची आणि तोच ओला मोजा पुन्हा चढवायचा, हे मी कित्येकदा पाहिलंय.

धुताना पाइपचा जोर कमी ठेवा, नाहीतर सगळं अंगावर उडतं. आधी साबणाचं पाणी, मग १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट, रोज नवीन केलेलं. घाणीवर नुसतं ब्लीच ओतलं तर त्याचा जोर तिथेच संपतो. उघड्या डब्यातली ब्लीचिंग पावडरही हळूहळू निकामी होते. ब्लीच आणि फॉर्मालिन (अवयव टिकवायचं द्रावण) कधीही एकत्र करू नका, त्यातून घातक रसायनं तयार होतात. सुया-पाती पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, मोजे लाल पिशवीत, अवयवांचे तुकडे पिवळ्या.

दोन आठवडे खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. तिथे गेल्यावर ‘सफाई कामगार आहे’ एवढंच सांगून थांबू नका, पीएम रूममध्ये काम करतो हेही सांगा.