सोलापूरची माती आणि पीक: या चुका टाळा

माझीच चूक आधी सांगतो. मंगळवेढ्याकडच्या आमच्या काळ्या रानात मी दीड एकर डाळिंब लावलं. कारण एवढंच की सांगोल्यात पाहुण्यांच्या बागा बघून आलो होतो. त्यांची जमीन मुरमाड. म्हटलं, दगडधोंड्यात एवढं येतंय तर आपल्याकडं काय येईल! तिसऱ्या पावसाळ्यात झाडं एकेका फांदीनं पिवळी पडून वाळायला लागली. बुडाशी उकरलं, तर वर भुसभुशीत आणि हातभर खाली लाडू वळावा अशी चिकण माती. पाऊस थांबून आठ दिवस झाले होते तरी. मर रोगानं बाग गेली. औषधावरचा खर्च गेला तो वेगळाच.

डाळिंबाच्या मुळांना हवा लागते. मुरमात पाणी थांबत नाही, म्हणून ते तिथं खूश. ज्वारीचं उलटं. रब्बीत वरून थेंब पडत नाही, तिला तीन-चार महिने जमिनीतल्या ओलीवर काढायचे असतात, आणि ती ओल धरते खोल काळी जमीनच. मंगळवेढ्याची ज्वारी आणि सोलापूरचं डाळिंब, दोघांनाही 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. जिल्हा एकच, पण जमिनी अगदी वेगळ्या.

वरचा रंग बघून पीक ठरवणं

पहार घ्या आणि रानात तीन-चार जागी मुरूम लागेपर्यंत खणा. वीतभर काळी माती आणि खाली पांढरा चुनखडीचा थर, अशी रानं आपल्याकडं ढिगानं आहेत. लांबून ती भारीच दिसतात.

ज्वारीचं बियाणं या खोलीवर घ्यायचं असतं, दुकानदार देईल ते नाही. फूटभर खोलीच्या हलक्या जमिनीला फुले अनुराधा, दोन फुटांपर्यंतच्या मध्यमला फुले सुचित्रा किंवा आपली मालदांडी 35-1, त्याहून खोल भारी रानाला फुले वसुधा. मालदांडी तर इथलीच, मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली. भाकरीला तिच्या तोडीचं काही नाही, हे माझं मत. पण वीतभर मातीत तीही कणसात येताना मान टाकते.

केवड्यावर युरिया मारणं

ऊस किंवा भुईमुगाची कोवळी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या, म्हणजे केवडा, असं दिसलं की लोक युरियाचं पोतं फोडतात. नत्र कमी पडलं तर आधी खालची जुनी पानं पिवळी पडतात. शेंड्याकडून पिवळं पडत असेल तर बहुधा लोह कमी, आणि त्यामागं चुनखडी. मातीच्या ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. सोड्यासारखा फेस आला की समजा चुनखडी आहे. अशा रानात फेरस सल्फेट नुसतं फेकलं तर चुना ते अडकवून ठेवतो. चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून द्या, नाहीतर चिलेटेड लोहाची, म्हणजे पिकाला सहज घेता येणाऱ्या लोहाची, फवारणी घ्या. जमिनीतला चुना काही काढता येत नाही, त्यामुळं पीक निवडतानाच विचार केलेला बरा.

पांढरं दिसलं की जिप्सम

उजनी धरणाचं पाणी आल्यापासून कालव्याखालची काही रानं बिघडली. पाणी मोकाट, निचरा नाही. जमीन क्षारवट आहे की चोपण, हे न बघताच जिप्सम आणलं जातं. क्षारवट जमिनीवर मिठासारखा पांढरा थर येतो. तिला चर काढून चांगल्या पाण्यानं क्षार धुऊन काढणं हाच इलाज, जिप्समची गरज नाही. चोपण जमीन ओली असताना साबणासारखी बुळबुळीत, वाळली की दगड, आणि सामू (पीएच) साडेआठच्या वर. जिप्सम तिच्यासाठी. पण तिथंही आधी चर हवेत, नाहीतर सुटलेला सोडियम जाणार कुठं? ताग-धैंचा फुलोऱ्यात गाडला तर दोन्हीकडं फायदा. विहिरीचं पाणी मात्र तपासून घ्या, कित्येकदा मीठ तिथूनच येत असतं.

मातीचा नमुना बांधाकडचा, उकिरड्याजवळचा किंवा झाडाखालचा घेऊ नका, आणि खताच्या रिकाम्या पिशवीत तर मुळीच भरू नका. हंगामी पिकाला वीतभर खोलीचा पुरतो. फळबाग लावायची असेल तर एक, दोन आणि तीन फुटांवरचा वेगवेगळा घ्या. मी हे केलं असतं तर वरची गोष्ट लिहावी लागली नसती.

ज्वारीची पेरणी लांबवणं

पेरणीची वेळ 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर. हस्ताचा पाऊस चांगला होईल म्हणून बरेच जण थांबतात. हलक्या रानात ही वाट अंगाशी येते, तिथं ओल लवकर उडते. भारी रानात वाफसा (पेरणीजोगी ओल) येईपर्यंत थांबावं लागतं, ते ठीक. पण पावसाळ्यात रान नुसतं पडू द्यायचं नाही. जुलै-ऑगस्टमध्येच सारे पाडून किंवा वाफे बांधून पाणी जिरवायचं. पेरणीला एकरी चार किलो बी बास. दाट पेरलं की पोग्यात, म्हणजे कणीस दिसायच्या आधीच, झाडं ओलीसाठी भांडतात.

काळ्या रानाला पुढं भेगा पडतात. भेगेत हात घातला की आतली थंड हवा बोटांना लागते, ती आपली ओल उडत असते. तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपं फिरवा, शेवटचं दातेरी. तण निघतंच, शिवाय भेगा बुजतात. आमच्याकडं रान कोरडं दिसतंय म्हणून शेवटची कोळपणी टाळतात, आणि नेमक्या त्याच रानात हात घालण्याएवढ्या भेगा असतात.