सिलिकॉनचा बर्फाचा ट्रे वापरताय? मग या चुका टाळा

चैत्रातलं हळदीकुंकू होतं. आंब्याची डाळ, भिजवलेले हरभरे आणि वेलची-केशर घातलेलं कैरीचं पन्हं. उकाडा मरणाचा, म्हणून मी ऐटीत प्रत्येक पेल्यात बर्फाचे दोन-दोन खडे सोडले. शेजारच्या काकूंनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि अगदी प्रेमाने विचारलं, "पन्ह्याला लसणीची फोडणी दिलीस का गं?"

आदल्या महिन्यात त्याच ट्रेमध्ये मी आलं-लसूण पेस्ट गोठवली होती. नंतर दोनदा साबणाने घासला, उन्हात वाळवला आणि पाणी भरण्याआधी हुंगूनही पाहिला. फक्त तेव्हा आमटीसाठी लसूण सोलत बसले होते आणि त्याच हातांनी ट्रे नाकाशी नेला होता. काय कपाळ कळणार?

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच: एकच ट्रे सगळ्याला वापरणं. सिलिकॉन काचेसारखं किंवा स्टीलसारखं नसतं. पाणी ते आत घेत नाही, पण लसूण, कांदा, मसाले यांचे तेलकट वास त्यात मुरतात. वरून घासून ते निघत नाहीत, कारण ते वरच्या थरावर नसतातच. हळदीचा डाग निदान दिसतो आणि चार दिवसांच्या उन्हात फिका पडतो. वास मात्र दिसत नाही, आणि पाहुण्यांसमोरच कळतो.

माझ्याकडे आता हिरवा ट्रे तिखटामिठाचा (पेस्ट, पुदिन्याची चटणी, चिंचेचा कोळ), पांढरा नारळाच्या दुधाचा आणि निळा फक्त पाण्याचा. मार्करने नावं घालायचा उद्योग करू नका, सिलिकॉनवरून शाई पुसली जाते. निळ्यात कोणी चटणी घातली तर घरात भांडण होतं, आणि होऊ द्यावं.

वास मुरलाच असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून खणांना लेप द्या, रात्रभर ठेवा, सकाळी गरम पाण्याने धुवा. एवढ्याने नाही गेला तर ओव्हन. ट्रे स्वच्छ, कोरडा आणि रिकामा हवा, झाकण काढलेलं हवं (ते बहुतेकदा साध्या प्लास्टिकचं असतं, वितळेल), आणि ट्रेवर किंवा खोक्यावर २०० अंशांपुढची मर्यादा लिहिलेली हवी. १७५ अंशांवर तासभर ठेवा, खिडकी उघडी ठेवा, कारण तो वास आता स्वयंपाकघरात येणार. लिंबू चोळा, कॉफी चोळा, पाच मिनिटांत वास गायब, असं रीलमध्ये सांगतात. मी दोन्ही केलंय. लसणीला लिंबाचा वास लागला, बाकी काही नाही.

दुसरी चूक नवशिक्यांची. नळाखाली ट्रे काठोकाठ भरायचा आणि दोन टोकांना धरून फ्रीझरपर्यंत न्यायचा. तो मधोमध वाकतो, पाणी ओघळतं, अर्धं फरशीवर, अर्धं फ्रीझरच्या तळाशी. माझ्या भाचीने बेंगळुरूला नवीन घर मांडलं तेव्हा आठवडाभर हेच केलं. सांडलेल्या पाण्याचा थर होत होत ट्रे तळाला असा चिकटला की निघेना. बाईसाहेबांनी सुरी घातली. तिचा फ्रिज साधा, एकदारी. त्यात गॅसची नळी फ्रीझरच्या पत्र्यालाच असते. सुरीचं टोक लागलं, फुस्स झालं, आणि मग मला फोन: "मावशी, फ्रिज गार होत नाहीये." शंभर-दोनशे रुपयांच्या ट्रेपायी गळती बुजवून गॅस भरून घ्यावा लागला. बर्फ सुटेपर्यंत फ्रिज बंद करून दार उघडं ठेवलं असतं तर ट्रे आपणहून निघाला असता. पण तेवढा वेळ कोणाकडे असतो!

उपाय इतका साधा की सांगायला लाज वाटते. रिकामा ट्रे आधी छोट्या स्टीलच्या ताटलीत ठेवा, मग तांब्याने भरा, ताटलीसकट आत ठेवा. खण वरून थोडा रिकामा सोडा. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, काठोकाठ भरलंत तर शेजारचे खडे एकमेकांना जोडून अखंड लादी होते.

खडे काढतानाही तीच घाई. प्लास्टिकचा ट्रे पिळायची सवय हाताला असते, तसा हा पिळू नका आणि खणांमधल्या भिंती ओढू नका. बाहेर काढून दोन मिनिटं थांबा, मग एकेक खण खालून अंगठ्याने वर ढकला. चमच्याचं टोक, सुरी, तारेची घासणी वर्ज्य. सिलिकॉन लवचीक असतं, पण एकदा बारीक चीर पडली की तिथूनच फाटत जातं.

बर्फ ट्रेमध्ये आठवडेच्या आठवडे ठेवू नका. फ्रीझरमधल्या बोंबलाचा वास त्याला लागतो, आणि नो-फ्रॉस्ट फ्रिजच्या कोरड्या हवेत खडे नुसते पडून लहान होतात. गोठले की झाकणाच्या डब्यात काढा.

पांढरा थर दिसला म्हणून ट्रे खराब झाला असं नाही. बोअरच्या पाण्यातले क्षार आहेत ते. व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, अर्धा तास, झालं. सुगंधी भांड्याचा साबण मात्र थेंबभरच घ्या, नाहीतर सरबतात तो साबण लागतो.

आणि कोकमाचं आगळ गोठत नाही म्हणून ट्रेला किंवा फ्रिजला नावं ठेवू नका. त्यात मीठच इतकं असतं की घरच्या फ्रीझरमध्ये ते धड घट्ट होत नाही, लिबलिबीत राहतं. पाणी मिसळून गोठवा, नाहीतर बाटलीतच ठेवा. मिठामुळेच तर ते टिकतं, त्याला फ्रीझर हवाय कशाला?

काकू पुढच्या चैत्रातही आल्या. पन्हं घेण्याआधी त्यांनी पेला नाकाशी नेला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "निळ्यातलाच ना गं?"