उधाणात मुसळधार पाऊस: सखल भागातल्या घरांनी काय करायचे

पणजीतला मळा, सांतिनेज, दिवाडी-चोडणच्या खाजनांकाठची (बांध घालून खाडीपासून राखलेल्या सखल शेतांकाठची) घरे, इथे पाणी तुंबते ते नुसत्या पावसाने नव्हे. भरती चढली की मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या झडपेची, दारे पाण्याच्या दाबाने मिटतात. खारे पाणी अडते, पण आतले पावसाचे पाणीही आतच राहते. दार नसलेल्या नाल्यांत तर खाडीच उलटी शिरते. म्हणून हवामान खात्याने अतिमुसळधार (24 तासांत 115.6 मिमी किंवा जास्त) पावसाचा इशारा दिला की त्याच्याशेजारी भरतीची वेळ लिहून ठेवा.

वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब: तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्या सुमारास दिवसा एकदा, रात्री एकदा पूर्ण भरती; तासभर मागेपुढे धराच. नेमकी वेळ मुरगाव बंदराच्या भरतीच्या तक्त्यात मिळते. अमावास्या-पौर्णिमा आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाणाचे. अष्टमीच्या भांगात, म्हणजे भरती लहान असते तेव्हा, तेवढाच पाऊस बराच सुसह्य असतो.

सगळी आवराआवर भरतीआधीच्या ओहोटीत उरका. दारापुढच्या गटारातला पालापाचोळा, प्लास्टिक काढा. वाळूची पोती अर्ध्याहून थोडी जास्त भरा. गच्च भरलेले पोते दगडासारखे राहते, फटीत बसत नाही. खाली प्लास्टिक अंथरून विटांसारखी सांधे चुकवून रचा. एवढे करूनही घरात पाणी येते, ते बहुधा न्हाणीच्या मोरीतून किंवा कमोडमधून. तिथेही एकेक पोते दाबून ठेवा. उलटे पाणी अडवणारा व्हॉल्व्ह पावसाळ्याआधी बसवलेला बरा.

गॅसचा रेग्युलेटर बंद करून काढा आणि सिलिंडर खिडकीच्या गजाला बांधा. भरलेला सिलिंडरसुद्धा पाण्यात तरंगतो, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. इन्व्हर्टरची बॅटरी ओट्यावर. मेन स्विच पाणी उंबऱ्याला लागण्याआधी, कोरड्या हाताने पाडा. पाण्यात उभे राहून नको.

वाहते पाणी घोट्याच्या वर गेले की पाय उचलला जातो, आणि फूटभर पाण्यात लहान गाडी तरंगू लागते. बांधावरचा रस्ता पाण्याखाली असेल तर तो खालून खचलेला आहे असे समजून मागे फिरा. अडकलात तर 112.

पाणी ओसरल्यावर वीज इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय चालू करू नका, विहिरीचे पाणी उकळूनच प्या. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, तर पुराच्या पाण्यातून चाललो होतो हे डॉक्टरांना आधी सांगा. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) शंका त्यावरूनच येते.