नौदलात रब्बाय व्हायचंय? आधी पोहायला शिका

अमेरिकेच्या नौदलात ज्यू चॅप्लिन, म्हणजे धर्मसेवा करणारा अधिकारी रब्बाय (ज्यू धर्मगुरू), व्हायचं ठरवलेल्या मुलामुलींचे मला फोन येतात. त्यांत काही आपल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, घरांतलेही असतात. आजी ठाण्याची, नातवंडं न्यू जर्सीची. पहिला प्रश्न ठरलेला, "काय वाचू?" वाचन नंतर. आधी जवळच्या तरणतलावावर नाव घाला.

डॉक्टर, नर्स, वकील आणि चॅप्लिन यांचं अधिकारी म्हणून प्रशिक्षण ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला होतं. पाच आठवडे. त्यात पोहण्याची चाचणी असते: उंचावरून खोल पाण्यात उडी, ५० यार्ड पोहणं, पाच मिनिटं पालथं तरंगणं, आणि अंगावरच्या कपड्यात हवा भरून त्याच्या आधाराने तरंगत राहणं. मी वाढले तलावांच्या ठाण्यात, पण पाण्यात पाय टाकला नव्हता. एकतिसाव्या वर्षी शिकले. ५० यार्ड सहा आठवड्यांत जमले. पालथं तरंगायला तीन महिने लागले. तिथे हातपाय मारून चालत नाही. तोंड पाण्यात, अंग सैल, श्वासापुरती मान वर. कोकणात नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या, ही आमच्या पूर्वजांची कथा मी लहानपणापासून ऐकली होती. त्या तलावात तिची रोज आठवण यायची.

धावणं दीड मैल; पुश-अप्स आणि प्लँकही असतात. आठवड्यातून चार दिवस, सहा महिने आधीपासून सराव केला तर त्रास होत नाही.

कागदपत्रांत सगळ्यात मोठा कागद नौदलाचा नसतो, तो आपल्या समाजाचा असतो. मान्यताप्राप्त ज्यू संस्थेने 'ही आमची रब्बाय आहे' असं लेखी द्यावं लागतं. जेडब्ल्यूबी ज्यूइश चॅप्लिन्स कौन्सिल हे काम करते. आलेफ इन्स्टिट्यूटही करते. ही मान्यता काढून घेतली तर चॅप्लिन म्हणून राहता येत नाही, म्हणून या संस्थेशी सेमिनरीत (धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयात) असतानाच बोलायला लागा. नागरिकत्व हवं, पदवीनंतरचं ७२ क्रेडिट्सचं धर्मशिक्षण हवं. शिकत असतानाच चॅप्लिन कँडिडेट म्हणून राखीव दलात जाता येतं. मला हा मार्ग उशिरा कळला, तुम्ही नक्की विचारा.

आता खरी तयारी. भारतीय लष्करात पंडित, मौलवी, ग्रंथी आपापल्या माणसांसाठी असतात आणि ते जेसीओ, म्हणजे अधिकाऱ्यांच्या खालच्या दर्जाचे, असतात. इथे चॅप्लिन अधिकारी असतो आणि जहाजावरच्या प्रत्येकाचा असतो. ज्यू नाविक दोन भेटतील किंवा एकही नाही. स्वतःच्या धर्माचं स्वतः करायचं, दुसऱ्याच्या धर्माचं त्याला मिळवून द्यायचं. हे पुस्तकातून येत नाही. त्यासाठी रुग्णालयात क्लिनिकल पास्टरल एज्युकेशनचं, म्हणजे रुग्णांना धीर देण्याच्या प्रशिक्षणाचं, एक युनिट करा, ४०० तासांचं. माझ्या पहिल्याच रात्रपाळीत एका कॅथलिक आजोबांना जपमाळ हवी होती. मी फादरना फोन लावला, नर्सच्या खणातून माळ शोधून आणली आणि फादर येईपर्यंत त्यांचा हात धरून बसले. बोलले काहीच नाही. चॅप्लिनचं काम काय, हे मला तिथे कळलं.

ऐकायचा सराव करा. नाविक चॅप्लिनला जे सांगतो ते त्याच्या परवानगीशिवाय कुणालाही, कॅप्टनलाही, सांगता येत नाही. जीव द्यायचा विचार असला तरीही. म्हणून 'चल, आपण दोघं मिळून डॉक्टरांकडे जाऊ' हे त्याला पटेल असं म्हणता आलं पाहिजे. हे वाक्य मैत्रिणीला समोर बसवून पन्नास वेळा म्हणा.

आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस, एकटीने पाळायला शिका. मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, लागणारी दहा माणसं प्रशिक्षणात मिळणार नाहीत. कोकणातल्या आपल्या लोकांनी शेमा इस्राएल ही प्रार्थना आणि शनिवारचा बंद घाणा एवढ्यावर शतकं काढली. गावाने त्यांना शनिवार तेली नाव दिलं ते त्यामुळेच. शब्बाथच्या मेणबत्त्यांऐवजी मी बॅटरीचे दोन दिवे नेले होते. सुटी मिळाली त्या शनिवारी न्यूपोर्टमधल्याच टूरो सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळात, गेले. १७६३ साली बांधलेली ही इमारत, अमेरिकेत आजही उभ्या असलेल्या सिनेगॉगांत सर्वांत जुनी. आत शिरताना आईचा शब्द तोंडात आला, "मशीद". आमच्या घरी सिनेगॉगला हेच म्हणत.

दुसऱ्या महायुद्धात लढाई झालेल्या इवो जिमा या जपानी बेटाबद्दलही वाचून जा. मार्च १९४५ मध्ये तिथल्या मरीनांच्या दफनभूमीत, सगळ्या धर्मांच्या एकत्र प्रार्थनेत, रब्बाय रोलंड गिटलसोन बोलणार होते. काही ख्रिस्ती चॅप्लिनांनी विरोध केला, म्हणून ती एकत्र प्रार्थना रद्द झाली. मग ते भाषण त्यांनी ज्यू प्रार्थनेत केलं आणि काही प्रोटेस्टंट चॅप्लिन ते ऐकायला येऊन उभे राहिले. तुमच्यावर असा प्रसंग आला, तर कुणाशेजारी उभं राहायचं ते आधीच ठरवून ठेवा.

पाठांतर घरूनच करून जा: पहारेकऱ्याच्या ११ जनरल ऑर्डर्स, सगळे हुद्दे, कोड ऑफ कंडक्ट (सैनिकांची आचारसंहिता). सोबत किद्दुश (शब्बाथचा आशीर्वाद), कद्दिश आणि एल मालेय रहामीम (मृतांसाठीच्या प्रार्थना), पुस्तकाशिवाय. बायबलमधलं तेविसावं स्तोत्र हिब्रूत तर हवंच, पण किंग जेम्स बायबलच्या जुन्या इंग्रजीतही पाठ हवं. अर्ध्या रात्री घाबरलेला नाविक ते त्याच्या आजीच्या शब्दांत मागतो.